'तुंबाडचे खोत'मध्ये हस्तर शोधणारा पोरगा

(पोस्ट लांब आहे. जेवणं आटोपल्यावर वाचा.)

तर राजेहो, झालं असं. मागच्या महिन्यात मी इथेच चार ओळी टाकल्या होत्या. 'तुंबाड'च्या दुसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे, तो येईल तेव्हा येईल, पण त्याआधी मूळ गोष्ट वाचून घ्या, बघायची मजा वाढते. एवढंच. त्याखाली जत्रा भरली. एक म्हणे पुस्तक ते पुस्तकच, सिनेमावाले त्याची माती करतात. दुसरा म्हणे आधी पिच्चरच पाहावा, वाचलं की शेवट कळून जातो. दोघं रात्री साडेबारापर्यंत भांडले आणि माझी खात्री आहे, दोघांपैकी एकानेही ते पुस्तक हातात धरलेलं नाही. बाकीच्यांनी आपलं नेहमीचं लिहिलं, "पीडीएफ असेल तर पाठवा सर."

दोन दिवसांनी एका पोराचा मेसेज आला. अंजनगावकडचा आहे, अमरावतीत रूम करून राहतो, एमपीएससी करतो. सोबत फोटो, टेबलावर दोन जाडजूड खंड. खाली लिहिलेलं, "भाऊ, तुमी म्हनलं म्हनून आनलं. पयला भाग अर्धा झाला. हस्तर कोन्या पानावर येते?"

मी हसलो. खोटं कायले बोलू, बायकोला दाखवून हसलो. ते खंड श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे होते. १९८७ ची कादंबरी, कोकणात जगबुडीच्या काठावरच्या खोत घराण्याच्या चार पिढ्यांची. त्यात हस्तर नाही, कणकेच्या बाहुल्या नाहीत, मोहरा सांडणारा शापित देव नाही. सिनेमाने तिथून नाव तेवढं उचललं. बिचारा पोरगा शेकडो पानं हस्तरची वाट पाहत बसला होता.

मग त्याला फोन लावला आणि हसू गेलं.

"हे कोणी दिलं रे तुला?"

"वाचनालयातून आनलं भाऊ. म्हनलं तुंबाड पिच्चरचं पुस्तक द्या, त्यायनं हे देल्लं."

"मी नारायण धारप लिहिलं होतं ना पोस्टमध्ये?"

"तेबी मांगतलं. ते म्हने तसली पुस्तकं आमी ठेवत नाही."

तसली पुस्तकं! ही पोस्ट या दोन शब्दांसाठी आहे. वाचनालयाचं नाव घेत नाही. घ्यायची गरजही नाही, कारण हे वाक्य मी आपल्या या पट्ट्यात तीन-चार ठिकाणी ऐकलेलं आहे आणि तुम्हीही ऐकलं असेल.

आधी गोष्ट कुठून आली ते सांगतो, कारण तिच्यात आपल्या विदर्भाचा एक तुकडा आहे आणि तो बहुतेकांना माहीत नाही. 'तुंबाड'चा दिग्दर्शक राही अनिल बर्वे याने मुलाखतींतून सांगितलं आहे की १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात असताना एका मित्राने त्याला धारपांची एक गोष्ट सांगितली. ती डोक्यातून गेली नाही. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने सिनेमाचा पहिला खर्डा लिहिला. २०१२ मध्ये शूटिंग सुरू झालं, मधात बंद पडलं, पुन्हा बरंचसं नव्याने केलं गेलं आणि १२ ऑक्टोबर २०१८ ला सिनेमा लागला. तेव्हा फार चालला नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त धंदा केला. ते तुम्ही पाहिलंच, आपल्याकडेही पोरं टोळ्या-टोळ्यांनी गेली होती.

ती धारपांची गोष्ट म्हणजे 'आजी'. आणि धारपांची 'आजी' आली स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, घरात तिच्यासोबत एकटं राहिलेलं पोर, आणि ही म्हातारी नुसती म्हातारी नाही. अमेरिकेतली ही आजी धारपांनी मराठी घरात आणून बसवली, तिथून ती नागझिऱ्यात गेली आणि मग पडद्यावर साखळदंडाला बांधलेली दिसली. हस्तर, त्याचं सोनं, देवीच्या पोटातली ती लाल जागा, हे सगळं सिनेमावाल्यांनी स्वतःचं जोडलं. म्हणजे 'आधी वाच, मग बघ' म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं, की ज्याने हा सिनेमा केला त्याने गोष्ट आधी कानाने ऐकली होती. पुस्तक आधी का सिनेमा आधी, हे भांडण ज्यांच्या हातात दोन्ही आहेत त्यांनी खुशाल करावं. आपल्याकडे सिनेमा पोचतो, पुस्तक पोचत नाही. माझं भांडण ते आहे.

आता आधी वाचायचं तरी कशाला, हे मला विचारणारेही होते. त्यांना अकोल्याची गोष्ट सांगतो.

त्याच सुमाराची, नव्वदीच्या सुरुवातीची. मी शाळेत होतो. आमच्या घराजवळ एका काकांचं छोटं दुकान होतं. पुढे वह्या-पेनं आणि मागच्या भिंतीला पुस्तकं, भाड्याने. वीस रुपये डिपॉझिट, दिवसाला आठ आणे. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर, पाठीवर फक्त नंबर. धारपांचे नंबर पोरांना पाठ असायचे. कोणाकडे कोणतं गेलं आहे आणि कधी येणार, याचा हिशेब काकांपेक्षा आम्हालाच जास्त. 'लुचाई' मिळवायला मी तीन आठवडे थांबलो होतो. (तीही किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून घेतलेली, हे कळायला मला पुढची पंधरा वर्षं लागली.)

घरी आमची आजी मधल्या खोलीत खाटेवर. तिला लकवा मारला होता, उजवी बाजू गेलेली. आई-बाबा दोघंही कामावर. सुटीत दुपारभर घरात मी आणि ती. अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. दारं-खिडक्या लावलेल्या, कूलरचा घरघराट आणि खोलीभर ओल्या गवताचा वास. अशा एका दुपारी मी 'आजी' वाचली, आमच्या आजीपासून दहा फुटांवर. आणि मधेच तिने हाक मारली, "बाप्पू, पानी दे रे."

मी गेलो नाही.

तिने तीनदा हाक मारली. नंतर नाही मारली. आई साडेपाचला आली तेव्हा मी ओसरीत बसलेलो, उन्हात. आईने आजीला पाणी पाजलं आणि मग माझा समाचार घेतला, तो योग्यच होता. आजी त्याच पावसाळ्यात गेली. ही गोष्ट मी आजवर फार कोणाला सांगितलेली नाही.

२०१८ मध्ये थिएटरात तो लहान पोरगा म्हातारीला जेवण भरवायला जातो तेव्हा माझ्या शेजारची माणसं दचकली, ओरडली, मग हसली. दचकून हसतोच माणूस. माझे मात्र हात गार पडले होते. पडद्यावरची म्हातारी मेकअप केलेली आहे हे मला दिसत होतं, पण कूलरचा घरघराट मला ऐकू येत होता. तो सिनेमाने दिलेला नव्हता, पुस्तकाने दिलेला होता. सिनेमा भूत त्याच्या वाड्यात दाखवतो. पुस्तक ते तुमच्या मधल्या खोलीत आणून ठेवतं, कारण खोली तुम्हालाच पुरवावी लागते. आधी वाचा म्हणतो ते यासाठी. सिनेमा त्याने बिघडत नाही. मला तर तो दुप्पट मिळाला.

आता ते 'तसली पुस्तकं' प्रकरण.

मी त्या वाचनालयात गेलो. पत्रकार म्हटल्यावर चहा आला, आणि ग्रंथपाल माणूस मुळात भला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. म्हटलं, धारपांच्या नोंदी असतील तर दाखवा. त्याने दाखल नोंदवही काढली. बघतो तर धारपांच्या तेरा नोंदी! म्हणजे 'ठेवत नाही' हे खोटं, एकेकाळी ठेवत होते. तेरापैकी अकरा नोंदींपुढे लाल शाईने 'निर्लेखित'. कारण : जीर्ण. उरलेली दोन मिळून येत नाहीत.

मी विचारलं, जीर्ण कशाने झाली? तो हसला. "वाचून वाचून हो. दुसरं कायले होईन?"

आणि शेजारचं कपाट बघा. काचेचं, कुलूपवालं. नेत्यांची चरित्रं, गौरवग्रंथ, समग्र वाङ्मयाचे संच. एक खंड काढायला लावला. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही. नवाकोरा, पाठ कडक. तपासणीच्या दिवशी हे कपाट फार शोभून दिसतं.

म्हणजे चाललं आहे ते असं. लोक जे वाचतात ते फाटतं. फाटलं की ते बाद होतं, आणि बाद झालेल्याच्या जागी ते पुन्हा घेतलं जात नाही, कारण पुस्तक निवडणाऱ्यांच्या मते ते 'तसलं' आहे. जे कोणी वाचत नाही ते फाटत नाही, म्हणून ते कपाटात वर्षानुवर्षं टिकतं, आणि मग तेच लोक भाषणात सांगतात की आजची पिढी वाचत नाही. अरे बाप्पा, पिढीने वाचलं म्हणून तर ती पुस्तकं मेली!

पैसे नाहीत, हे उत्तर मला माहीत आहे, आणि ते अर्धं खरं आहे. राज्याने २०२२ मध्ये ग्रंथालयांचं अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, तेही कित्येक वर्षं थांबल्यावर. वाढवून काय झालं, तर 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाचे ३० हजार मिळत होते ते ४८ हजार झाले. वर्षाचे, महिन्याचे नाही. त्यात माणसाचा पगार, वीज, पेपर, पुस्तकं, सगळं. महिन्याला चार हजारांत कोणता माणूस वाचनालय उघडं ठेवतो, हा प्रश्न कोणी सरकारला विचारणार असेल तर मी त्याच्या मागे उभा आहे. विचारलाच पाहिजे. पण माझ्यासमोर जी नोंदवही होती ती काही 'ड' वर्गाची नव्हती. तिथे मागच्या वर्षी पुस्तकं घेतलेली होती, बिलं होती. पैसे होते. गौरवग्रंथांवर गेले.

दुसरं उत्तर, आता सगळी अभ्यासिकाच झाली आहे हो, पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं लागतात. लागतात, मान्य. आपल्या अमरावती-अकोल्यात गावोगावची पोरं येऊन सकाळी सात ते रात्री दहा खुर्चीला चिकटून बसतात आणि त्यांच्या जिवावर कित्येक वाचनालयांचे दिवे चालू आहेत. पण त्या पोरांनी फक्त चालू घडामोडीच वाचाव्यात असं कोणी ठरवलं? माझा अंजनगाववाला त्यातलाच आहे ना. रात्री दहानंतर रूमवर जाऊन हस्तर शोधत पेंडसे वाचत होता. त्याला वाचायचं होतं. त्याच्या हातात योग्य पुस्तक देणारा माणूस तेवढा आपल्याकडे नव्हता.

तिसरं उत्तर, ऑनलाइन मिळतं की. मिळतं, धारपांच्या नव्या आवृत्त्या निघालेल्या आहेत. ज्यांना परवडतं त्यांनी आजच्या आज घ्या. पण ऑनलाइन घ्यायला आधी नाव माहीत पाहिजे. त्याने 'तुंबाड' टाकलं असतं तर तिथेही पेंडसेच आले असते. आणि महिन्याचं मेसचं बिल चुकवताना ज्याची दमछाक होते त्याने गोष्टीच्या पुस्तकाला तीनशे रुपये आणि वर कुरिअर द्यावं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? पीडीएफ मागणाऱ्यांवर मी चिडतो, पाठवतही नाही. पण आता थोडं कमी चिडतो.

चौथं उत्तर जरा विद्वानांचं आहे. धारप म्हणजे इंग्रजीची उचल, त्याला कशाला डोक्यावर घ्यायचं. यातलं खरं ते खरं. धारपांनी किंगच्या गोष्टी घेतल्या आणि त्याचं नाव वाचकाला ठळकपणे सांगायला पाहिजे होतं, असं माझं मत आहे. मी धारपांचा भक्त असूनही ते मत आहे. पण विद्वानांनो, १९९० च्या अकोल्यात आठ आण्यांत मला स्टीफन किंग कोणी आणून दिला असता? तुम्ही? शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिणारा माणूस, ज्याच्या 'ग्रहण'वर २०१८ मध्ये मालिका झाली आणि त्याच वर्षी ज्याच्या एका गोष्टीच्या धाग्यावर हिंदी सिनेमा उभा राहून व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला, त्याला मराठीने काय म्हटलं? तसली पुस्तकं! सिनेमात हस्तरला शाप असतो ना, की सोनं तुझं, पण तुझी पूजा कोणी करणार नाही, पुराणात तुझं नाव येणार नाही. धारपांचं थोडं उलटं झालं. सोनं दुसऱ्यांनी नेलं, शाप तेवढा यांच्याकडे राहिला.

२७ ऑगस्ट २०२५ ला धारपांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर किती प्रेसनोटा आल्या सांगू? नेत्यांच्या वाढदिवसाच्या मोजल्या नाहीत. धारपांची एकही नाही. आणि हो, बातमी मीही केली नाही. मला तारीख लक्षात होती, मी दोन कॉलम मागू शकलो असतो, मागितले नाहीत, कारण मलाही कुठेतरी वाटलं की भुताखेताच्या लेखकासाठी संपादकांकडे कुठे शब्द टाकायचा. पत्रकारितेच्या डिप्लोमात बातमीमूल्य शिकवलं होतं आम्हाला. हे 'तसलं' माझ्याही डोक्यात बसलेलं आहे, म्हणून तर आवाज चढवून लिहितो आहे.

१३ सप्टेंबर २०२४ ला 'तुंबाड' पुन्हा लागला आणि बरोबर वीस दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, मराठीला अभिजात दर्जा मिळाला. चौकाचौकात बॅनर लागले. आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, जिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, आणि आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही झालं. चांगलंच झालं, मी त्याची बातमी आनंदाने केली. पण ज्या दिवसांत पोरं मराठी लेखकाच्या गोष्टीतून निघालेला सिनेमा बघायला रांगा लावत होती, त्या दिवसांत एकाही वाचनालयाच्या दारात 'तुंबाड पाहिला? आता धारप वाचा' एवढी खडूने लिहिलेली पाटी मला दिसली नाही. ना अमरावतीत, ना अकोल्यात. बॅनर छापायला पैसे लागतात, खडूला लागत नाहीत. सिनेमावाल्यांनी फुकटात तुमच्या दारापर्यंत गिऱ्हाईक आणून सोडलं होतं, राजेहो. आपण कुलूप काढलं नाही.

म्हणून माझ्या मागण्या. सरकारकडे नाहीत, आपल्याच गावातल्या लोकांकडे आहेत. वाचनालयाने वर्षाच्या खरेदीची यादी नोटीस बोर्डावर लावावी, कोणाकडून काय घेतलं ते दिसू द्या. 'निर्लेखित' झालेल्यांतलं जे वाचून फाटलं असेल ते आधी परत घ्यावं, मग गौरवग्रंथ. धारप, रत्नाकर मतकरी ही मंडळी काचेच्या बाहेर, पोरांच्या हाताला लागतील अशी ठेवावीत. आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात दरवर्षी तीच ती चार परिसंवादांची शिळी भाकर वाढता, तिथे एक तास भयकथेला द्या. वक्ता मिळत नसेल तर मी बोलतो, मानधन नको.

अंजनगाववाल्याचं काय झालं ते राहिलंच. माझ्याकडचा धारपांचा कथासंग्रह मी त्याला दिला. सात दिवसांचा वायदा होता, आज अकरावा दिवस आहे. काल फोन केला तर म्हणतो, "भाऊ, ते वाचून झालं, पन रूमपार्टनर नेऊन रायला, त्याचं झालं की देतो." पेंडसे परत केले का विचारलं. तर नाही, पहिला भाग पूर्ण करून त्याने दुसरा सुरू केला आहे. "हस्तर नसला तं नसू द्या. पन त्या खोतायचं पुढं काय झालं हे मालूम तं पडलं पायजे ना!"

त्या वाचनालयाची सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी सकाळी अकराला आहे. खरेदी-यादीचा विषय मी लेखी दिलेला आहे. सभेत बोलायला सभासद असावं लागतं, नुसती वाचकाची वर्गणी चालत नाही, हे मला परवाच कळलं. तुमच्यापैकी जे सभासद आहेत त्यांना कोणतं वाचनालय ते कळलं असेलच. येताना पावती सोबत ठेवा. मागच्या वर्षी दोघांना दारातूनच परत पाठवलं होतं.